दोन-चार माणसांच्या व्यवसायात प्रशिक्षण कसं द्यावं

हा लेख नव्याने प्रशिक्षक झालेल्यांसाठी आहे. एखाद्या संस्थेने छोट्या व्यावसायिकांना शिकवायचं काम तुमच्यावर सोपवलं, हातात जाडजूड अभ्यासक्रम दिला आणि सुरुवात कुठून करावी हे कळेनासं झालं, तर पुढचं वाचा. ज्या मालकांनी नुकतंच कुणाला कामावर घेतलं आहे त्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. त्यांनी चौथी पायरी आधी वाचली तरी चालेल.

अतिशय लहान व्यवसाय म्हणजे किती लहान? युरोपीय संघाच्या व्याख्येत दहापेक्षा कमी माणसं हा सूक्ष्म उद्योगाचा एक निकष आहे. प्रत्यक्षात आपल्यासमोर येतात ते मालक, घरातलं एखादं माणूस आणि एक-दोन कामगार. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये ९९ देशांची आकडेवारी तपासली तेव्हा दिसलं, की स्वतःचा धंदा करणारे आणि सूक्ष्म व लहान व्यवसाय मिळून दहापैकी सात जणांना काम देतात. म्हणजे जगातली बहुतेक माणसं काम शिकतात ती अशाच ठिकाणी, आणि तिथे शिकवण्यासाठी वेगळा विभाग नसतो, वेगळी खोली नसते, वेगळा वेळही नसतो.

मोठ्या कंपनीत एक माणूस दिवसभर वर्गात बसला तर काम अडत नाही. इथे अडतं. तीन माणसांतलं एक उठलं की कामाचा तिसरा हिस्सा थांबतो, आणि उठलेलं माणूस मालक असेल तर खरेदी, हिशेब आणि गिऱ्हाईक तिन्ही खोळंबतात. म्हणून शिकवणं कामाच्या जागीच, थोडं थोडं आणि एका वेळी एकच गोष्ट धरून करावं लागतं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कामगाराला कितीही शिकवा, मालकाची सवय बदलली नाही तर आठवडाभरात सगळं पूर्वपदावर येतं. त्यामुळे पुढच्या पायऱ्यांमध्ये मालक आधी आणि कामगार नंतर, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. तो उलटा करू नका.

पायरी १ : आधी नुसतं बघा

शिकवायला जाण्याआधी किमान अर्धा दिवस त्या जागी बसा. गर्दीच्या वेळी आणि मंदीच्या वेळी, दोन्ही. मालकाला आधी सांगून, परवानगी घेऊन जा. कोपऱ्यात बसून पुढच्या गोष्टी टिपा : गिऱ्हाईक काही न घेता परत गेलं तर का गेलं, एखादी वस्तू शोधण्यात कितीदा वेळ जातो, कामगार मालकाला कोणत्या कारणाने थांबवून विचारतो, आणि गल्ल्यातले पैसे कुणाच्या हाताने कुठे जातात.

यातली तिसरी नोंद सोन्यासारखी आहे. "हे कितीला द्यायचं?", "हा माल कुठे ठेवू?", "हे आज होईल का विचारताहेत" असे प्रश्न जितके, तितकी मालकाच्या डोक्यात अडकलेली माहिती. तुमच्या शिकवण्याचे पहिले विषय तिथेच मिळतात.

कशाकडे बघायचं हे ठरवायला एक तयार चौकट आहे. डेव्हिड मॅकेन्झी आणि क्रिस्टोफर वुडरफ या अर्थशास्त्रज्ञांनी सात विकसनशील देशांतल्या लहान व्यवसायांसाठी २६ व्यवसाय-सवयींची यादी वापरली. तिचे चार गट आहेत : ग्राहक आणि विक्री, खरेदी आणि साठा, खर्च आणि नोंदी, पैशांचं नियोजन. प्रश्न अगदी साधे असतात. यायचं बंद झालेल्या गिऱ्हाइकाला कारण विचारलं का? माल वारंवार संपतो का? खरेदी-विक्री लिहून ठेवता का? ही यादी परीक्षेसारखी मालकापुढे ठेवू नका. ती तुमच्या डोक्यात असू द्या आणि बोलता बोलता उत्तरं मिळवा.

पायरी २ : एकच गोष्ट निवडा

पाहणीनंतर तुमच्याकडे दहा-पंधरा त्रुटी जमतील. नवा प्रशिक्षक इथेच सगळ्यांना हात घालतो. तसं करू नका. मालकासोबत बसा, दोन-तीन गोष्टी समोर ठेवा आणि विचारा, "यातली कोणती मिटली तर तुम्हाला सगळ्यात हलकं वाटेल?" ते सांगतील ती घ्या, तुमच्या मते दुसरी जास्त महत्त्वाची असली तरीही. पहिल्या यशानंतर दुसरीकडे वळणं सोपं जातं.

मग त्या गोष्टीचा एक आकडा ठरवा आणि आजची स्थिती लिहून ठेवा : आठवड्यात किती कामं ठरल्या दिवशी झाली नाहीत, किती वेळा माल संपला, किती उधारी तीस दिवसांच्या वर गेली. एकच आकडा, एकाच कागदावर. तो नसेल तर पुढे बदल झाला की नाही यावर नुसती चर्चाच होत राहते.

पायरी ३ : मालकाला वेगळं बसवा

मालकाला कामगारांसमोर शिकवू नका. "हा तुमचा हिशेब चुकतोय" हे हाताखालच्या माणसाच्या देखत ऐकणं कुणालाच सोसत नाही, आणि त्यानंतर ते तुम्हाला भेटायचंच टाळतील. वयाने मोठे असोत की लहान, "तुम्ही" म्हणा, आणि त्यांना जे उत्तम येतं तिथून बोलायला सुरुवात करा. वीस वर्षं टिकलेल्या धंद्याच्या मालकाला धंदा कळत नाही असं समजणं अन्यायाचं आहे. त्यांना बहुधा नोंद ठेवायची सवय नसते, इतकंच.

पैशांबद्दल शिकवताना साधे नियम शिकवा. याला चांगला पुरावा आहे. डॉमिनिकन प्रजासत्ताकात लहान कर्ज घेतलेल्या व्यावसायिकांच्या एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं आणि दुसऱ्या गटाला मोजके ठोकताळे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ठोकताळे शिकलेल्यांच्या हिशेबाच्या सवयी सुधारल्या, रीतसर शिकलेल्यांमध्ये फारसा फरक दिसला नाही. त्यातला एक ठोकताळा कुठेही चालतो : घरचे आणि धंद्याचे पैसे दोन वेगळ्या खणांत ठेवा, आणि एका खणातून दुसऱ्यात पैसे न्यायचे तर चिठ्ठी लिहून ठेवा. जमा-नावे समजावण्यात दोन तास घालवण्याऐवजी दोन खण करून घ्या आणि पहिली चिठ्ठी तुमच्यासमोर लिहून घ्या. महिनाअखेरीस त्या चिठ्ठ्यांची बेरीज केली की मालकाला पहिल्यांदा कळतं, धंद्यातून घरात नेमकं किती जातं.

दुसरा विषय खर्चाचा. इथे फळ्यावरचं गणित चालत नाही, त्यांच्याच एका वस्तूचं किंवा कामाचं गणित करा. समजा विक्री १०० आहे आणि त्यामागे थेट खर्च ८०. उरतात २०. आता गिऱ्हाइकाने घासाघीस केली म्हणून १० टक्के सूट दिली. हातात आले ९०, खर्च तोच ८०, उरले १०. सूट दहा टक्क्यांची, पण मिळकत निम्मी झाली, आणि तेवढंच कमवायचं तर दुप्पट काम करावं लागणार. हे गणित तुम्ही सांगू नका. कागद-पेन मालकाच्या हातात द्या आणि त्यांच्या वस्तूचे आकडे त्यांनाच मांडू द्या. मग एकच प्रश्न विचारा : "या खर्चात तुमची स्वतःची मजुरी धरली आहे का?" बहुतेकांनी धरलेली नसते. इथे घाई करू नका, त्यांना विचार करू द्या. किमती बदलायचा निर्णय त्यांचा आहे.

तिसरा विषय काम सोपवण्याचा, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. बरेच मालक कामगाराला काम सांगतात, दोन मिनिटांनी स्वतःच ते हातातून घेतात आणि "राहू दे, मीच करतो" म्हणतात. यातून कामगार एकच धडा घेतो : आपण थांबायचं. मालकासोबत एक यादी करा. कोणते निर्णय कामगाराने न विचारता घ्यायचे, कोणते घेऊन मग सांगायचे, कोणते आधी विचारायचे. पहिल्या रकान्यात सुरुवातीला दोनच गोष्टी आल्या तरी पुरे.

स्वतःहून पुढाकार घेणं शिकवता येतं का, असा प्रश्न मनात येईल. टोगो देशातल्या लोमे शहरात १,५०० सूक्ष्म व्यावसायिकांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला हिशेब, विक्री, साठा असं नेहमीचं प्रशिक्षण मिळालं. दुसऱ्याला मानसशास्त्रावर आधारलेलं : संधी आधी हेरणं, ध्येय ठरवणं, अडथळ्यांचा अंदाज बांधून तयारी करणं, इतरांपेक्षा वेगळं काही देऊ पाहणं. तिसऱ्याला काहीच नाही. तिसऱ्या गटाच्या तुलनेत दुसऱ्या गटाचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. पहिल्या गटाची वाढ ११ टक्क्यांच्या आसपास होती आणि तीही संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारी नव्हती. म्हणून हिशेबाच्या प्रत्येक धड्याच्या शेवटी "मग येत्या आठवड्यात तुम्ही वेगळं काय करून बघणार?" हे विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

पायरी ४ : कामगाराला काम शिकवणं

बहुतेक ठिकाणी नव्या माणसाला "याच्याजवळ उभा राहा, बघ आणि शिक" असं सांगतात. हुशार माणूस तसंही शिकतो, पण उशिरा, आणि जुन्या माणसाच्या चुकांसकट.

याहून चांगली पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जहाजबांधणीसाठी नवखी माणसं झटपट तयार करायची होती, तेव्हा चार्ल्स अ‍ॅलन यांनी शिकवण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४५ या काळात, त्याच पायऱ्यांवर तिथे दहा लाखांहून अधिक लोकांना प्रशिक्षण दिलं गेलं आणि युद्धानंतर ही पद्धत जपानच्या कारखान्यांत रुजली. कारखान्यासाठी बनलेली असली तरी तीन माणसांच्या जागी ती जास्तच चपखल बसते, कारण तिला लागतात फक्त एक शिकवणारा, एक शिकणारा आणि खरं काम.

शिकवण्याआधी शिकवणाऱ्याने कामाचे तुकडे पाडून कागदावर लिहायचे. तीन रकाने करा : काय करायचं, त्यातलं मर्म काय, आणि ते तसंच का. उदाहरणार्थ, वस्तू दुरुस्त करणाऱ्या दुकानात आलेली वस्तू दाखल करून घेणं. काम किरकोळ वाटतं, पण निम्मे वाद इथूनच सुरू होतात.

पहिला तुकडा : गिऱ्हाइकाला तक्रार विचारणं. मर्म असं, की त्यांच्याच शब्दांत लिहायचं, आपलं निदान लिहायचं नाही. कारण आपलं निदान चुकलं तर मूळ तक्रार कुठेच उरत नाही.

दुसरा : वस्तू त्यांच्यासमोर चालू करून बघणं आणि आधीचे ओरखडे, तडे नोंदवणं. मर्म, गिऱ्हाईक समोर असतानाच. ते निघून गेल्यावर केलेल्या नोंदीला वादात किंमत नसते.

तिसरा : पावतीवर आणि वस्तूवर एकच क्रमांक लावणं. मर्म, चिठ्ठी झाकणाला किंवा पिशवीला न लावता मुख्य भागाला लावायची, कारण सुट्या गोष्टी बाकावर इकडेतिकडे होतात.

चौथा : परत द्यायची तारीख सांगणं. ती कामगाराने मनाने सांगायची नाही, हातातल्या कामांची वही बघून सांगायची.

आता शिकवायच्या चार पायऱ्या. आधी माणसाला मोकळं करा : काय शिकायचं आहे ते सांगा, त्याला आधी काय येतं ते विचारा, आणि तुम्ही ज्या बाजूने काम बघता त्याच बाजूला त्याला उभं करा. समोरून बघितलं की डावं-उजवं उलटं होतं, हे हातकामात फार नडतं. मग करून दाखवा. एकदा फक्त तुकडे सांगत, दुसऱ्यांदा मर्मासह, तिसऱ्यांदा कारणांसह. पहिल्याच वेळी सगळं ओतलं तर काहीच राहत नाही. तिसरी पायरी त्याच्याकडून करून घेण्याची. पहिल्यांदा गप्प करू द्या, चुकलं तर तिथल्या तिथे थांबवून दुरुस्त करा, पण हात घालू नका. पुढच्या वेळी त्याला बोलायला लावा :

"चिठ्ठी कुठे लावलीस?"
"खालच्या भागाला, दादा."
"झाकणाला का नाही?"
"झाकण काढून ठेवतो ना आपण. मग कुणाचं कुठलं ते कळत नाही."

कारण त्याच्या तोंडून आलं म्हणजे शिकणं झालं. नुसतं "कळलं का?" विचारू नका. त्याला उत्तर एकच मिळतं, "हो". चौथी पायरी म्हणजे त्याला कामावर सोडणं : अडलं तर कुणाला विचारायचं ते नाव घेऊन सांगा, आधी वारंवार बघा, मग बघणं कमी करत जा. या पद्धतीचं एक तत्त्व त्या काळी शिकवणाऱ्यांच्या खिशातल्या कार्डावर छापलेलं असे : कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. मालकाला हे वाक्य पचायला जड जातं, तरी सांगाच.

तुकड्यांचा तो कागद शेवटी कामाच्या जागेजवळ चिकटवा. वाचायला अडखळणाऱ्यांसाठी फोटो काढून क्रमाने लावा. एखाद्याला वाचता येत नाही हे बाकीच्यांसमोर उघडं पडू देऊ नका, सगळ्यांनाच चित्रांचा कागद द्या.

एका बाबतीत मात्र "हळूहळू शिकेल" हे चालणार नाही. यंत्र, वीज, आग, रसायनं यांपासूनचा बचाव पहिल्या दिवशी, कामाला हात लावण्याआधी शिकवायचा. यंत्र बंद कसं करायचं हे चालू कसं करायचं याच्या आधी.

पायरी ५ : वेळ कसा काढायचा

मंदीचा अर्धा तास शोधा आणि रोज नसला तरी ठरलेल्या दिवशी तोच वेळ वापरा. वीस-तीस मिनिटं पुरतात. एका बैठकीत पाच विषय संपवण्यापेक्षा एकच विषय आज, उद्या, तीन दिवसांनी आणि आठवड्याने उजळवणं कितीतरी चांगलं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की शिकलेलं सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत भराभर विसरलं जातं आणि अंतर ठेवून केलेली उजळणी ते टिकवते.

हा वेळ पगारी असला पाहिजे. दिवस संपल्यावर थकलेल्या माणसांना थांबवून शिकवलं तर ती शिक्षा वाटते, आणि घरी लवकर पोहोचणं गरजेचं असलेल्या बायका आपोआप वगळल्या जातात. मालक कुरकुरले तर पायरी २ मधला आकडा पुढे करा आणि चुकलेल्या एका कामाची भरपाई किती पडते ते त्यांनाच सांगू द्या.

घरातली माणसं कामाला असतील तर आणखी एक पेच असतो. मुलगा, भाचा, बायको यांना "तुला एवढंही येत नाही?" असं सहज बोललं जातं आणि शिकवणं बाजूला राहून जुनी भांडणं उकरली जातात. अशा ठिकाणी घरच्या माणसाला सुरुवातीचे धडे तुम्ही स्वतः द्या, मालकाला नंतर आणा.

पायरी ६ : "शिकवलं की सोडून जातो"

हे तुम्ही ऐकणारच. ही भीती खरी आहे, उडवून लावू नका. काही माणसं शिकून जातात, काही तर शेजारीच स्वतःचं दुकान थाटतात. मालकाशी तीन गोष्टींवर बोला. एक काम किमान दोघांना शिकवावं, म्हणजे एक गेला तरी धंदा अडत नाही. कामाचे कागद व्यवसायातच राहतात, म्हणून पुढच्या माणसाला शिकवायला वेळ कमी लागतो. आणि नवं कौशल्य आलं की पगारात किंवा जबाबदारीत ते दिसलं पाहिजे, थोडं का होईना. शिकूनही सगळं तसंच राहिलं, तर जाणाऱ्याला दोष देता येत नाही.

पायरी ७ : परत जा

बहुतेक प्रशिक्षणं अभिप्रायाच्या कागदावर संपतात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजण्याचे चार स्तर मांडले : आवडलं का, शिकले का, कामात वापरतात का, आणि फळ मिळालं का. अभिप्रायाचा कागद फक्त पहिला स्तर मोजतो. आपल्याला तिसरा बघायचा आहे आणि तो डोळ्यांनीच दिसतो. दोन खण अजून दोनच आहेत का? वहीत शेवटची नोंद कधीची आहे? म्हणून दोन आठवड्यांनी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी जा. टोगोतल्या त्या प्रयोगातही वर्गांनंतर प्रशिक्षक प्रत्येक व्यवसायात जाऊन भेटत होते.

सवय सुटलेली दिसली तर रागावू नका, अडचण शोधा. वही गल्ल्यापासून लांब ठेवली होती, पेन सापडत नव्हतं, गर्दीत लिहायला हात मोकळा नव्हता, अशी कारणं निघतात. वही दोरीने गल्ल्याला बांधा, गर्दीत फक्त आकडा टिपून ठेवायला आणि बाकीचं संध्याकाळी भरायला सांगा. नियम आणखी सोपा करता येत असेल तर करा.

मोठ्या चमत्काराची अपेक्षा मात्र ठेवू नका, मालकाला तसं आश्वासनही देऊ नका. मॅकेन्झी यांनी २०२१ मध्ये अनेक देशांतले प्रयोग एकत्र पाहिले, तेव्हा व्यवसाय-प्रशिक्षणाने विक्री आणि नफा सरासरी ५ ते १० टक्क्यांच्या आसपास वाढल्याचं दिसलं. लहान व्यवसायात तेवढ्यानेही एखादं थकलेलं देणं फिटतं.

तिसऱ्या भेटीत एक गोष्ट जरूर करा. मालकाला सांगा, "आज तुम्ही मला किंवा तुमच्या नव्या माणसाला एक काम शिकवा, मी बोलणार नाही." चिकटवलेला कागद त्यांच्या हातात असू द्या. ते जिथे अडखळतील, तो तुकडा दोघांनी मिळून पुन्हा लिहा. अडखळले नाहीत, तर पायरी २ मधला कागद काढा आणि पुढची गोष्ट त्यांना स्वतःला निवडू द्या.